गायरानाचा कौल

चार्जरची पिन कुणीतरी उपटली होती. उपटून तशीच लोंबत सोडली असती तर गणराजला एवढं लागलं नसतं. पण वायर नीट गुंडाळून, वर गाठ मारून स्कूटरच्या सीटवर ठेवली होती, आणि त्या नीटपणानंच त्याचं डोकं फिरलं. फर्स्ट शिफ्ट करून तो चाकणहून आला, मोशीच्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला लावून वर गेला, चहा घेऊन लेकीला, सृष्टीला क्लासमधून आणायला खाली उतरला, तर हे. आता गाडी कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत तरी पोचेल की नाही, शंकाच. वॉचमनला झापायला तो वळणार एवढ्यात वरून आवाज आला, "त्याला काही बोलू नका. मी काढली." पहिल्या मजल्यावरच्या कुसुमताई गॅलरीचे गज धरून उभ्या होत्या. निवृत्त बाई, एकट्या. 'पाणी आलं का' यापलीकडे त्यांच्याशी त्याचं कधी बोलणं झालं नव्हतं. "काकू, चांगल्या कंपनीची गाडी आहे, सगळ्या टेस्ट झालेल्या असतात. काही होत नाही," तो म्हणाला. शक्य तितकं हसून म्हणाला. "नसेल होत," कुसुमताई म्हणाल्या. "पण तुम्ही सातव्या मजल्यावर झोपता. माझा पलंग बरोबर या प्लगच्या वर आहे." भांडणाचा सूर नव्हता. भांडल्या असत्या तर त्याला उत्तर सुचलं असतं. तो चालतच क्लासकडे निघाला आणि वाटेत मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत सुटला, एकापेक्षा एक सडेतोड. फक्त त्यातलं एकही त्या पलंगाला लागू पडेना.

त्याच वाटेवर दादासाहेबांचा फोन आला. दादासाहेब म्हणजे सांडवलीतलं जुनं खोड. सरपंच कुणीही होवो, गावाचा शब्द त्यांच्याच तोंडून निघायचा. चाकणच्या पुढं, कारखान्यांच्या पत्र्यांमागं उरलंसुरलं सांडवली हे गणराजचं गाव. "गणू, रविवारी सकाळी ये," दादासाहेब म्हणाले. "देवाला कौल लावायचाय. ग्रामसभेच्या आधी."

"कशाचा कौल?"

"कशाचा म्हंजे? बॅटऱ्यांचा. निम्मं गाव हिकडं, निम्मं तिकडं. डोकी फुटायची वेळ आली राव. देवानं सांगितलं की कुणाचीच तक्रार ऱ्हात न्हाई."

"आबांना विचारलं का?"

"दत्तोबा काय बोलणार आता? हात तरी हलतो का त्याचा? तूच की आता गुरव."

तूच की आता गुरव. हे ऐकून त्याला बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. कंपनीत तो डिस्पॅचला होता. कुठला ट्रक कुठल्या गेटला लावायचा एवढंच त्याच्या हातात, आणि त्यावरही सुपरवायझरची सही. इथं अख्खं गाव त्याच्या हाताकडे बघणार होतं. सांडवलीच्या भैरवनाथाची पूजा त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. गेल्या दिवाळीत आबांना, त्याच्या वडिलांना, झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून रोजची दिवाबत्ती आईच करायची आणि सणावाराला गणराज जाऊन पूजा उरकून यायचा. कौल मात्र त्यानं अजून लावला नव्हता. करायचं ते फार नसतं. देवाच्या शेंदरी तांदळ्याला, त्या बिनघडीव दगडाला, उजव्या-डाव्या अंगाला कण्हेरीची एकेक कळी पाण्यात बुडवून चिकटवायची, प्रश्न विचारायचा, हात जोडून उभं राहायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोअर कुठं घ्यायची, पोरगी या घरात द्यायची की नाही, असले प्रश्न घेऊन माणसं आबांकडे यायची आणि देव जे म्हणेल ते ऐकून निमूट घरी जायची. देव बोलतो हे खरंच. पण कळीला पाणी किती लावायचं हे गुरवाच्या बोटांवर असतं, हेही तितकंच खरं. जास्त ओली कळी धरून राहते, कमी ओली लवकर सुटते. हे आबांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. हे सांगायचं नसतंच. लहानपणी समईत तेल घालता घालता त्यानं ते बघून ठेवलं होतं, आणि हेही बघून ठेवलं होतं की आबा दोन्ही कळ्या एकदमच तांब्यात बुडवायचे आणि लावताना डोळे मिटून घ्यायचे. ते भक्तीनं मिटतात असं त्याला वाटायचं. आता सृष्टीचं दप्तर खांद्याला लावून घरी परतताना त्याला पहिल्यांदा वाटलं, की आबांना कदाचित आपल्याच बोटांकडे बघायचं नसेल.

गायरानाचं प्रकरण गेला महिनाभर चाललं होतं. देवळाच्या मागं आबांचं घर, घरामागं गोठा, गोठ्यामागं बाभळींची एक ओळ, आणि तिथून सुरू होतं गायरान. त्या उघड्या माळावर पांढऱ्या लोखंडी कंटेनरांच्या रांगाच रांगा मांडायच्या, त्यांत बॅटऱ्या भरायच्या, दिवसा जादा होणारी वीज त्यांत साठवायची आणि संध्याकाळी ती कारखान्यांना पुरवायची, असा बेत. कंपनीची माणसं आली, शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावून चित्रं दाखवली. चित्रात कंटेनरांच्या मधे हिरवळ होती आणि हिरवळीवर एक गोरं मूल फुगा घेऊन पळत होतं. त्या मुलाचं बॅटऱ्यांशी काय नातं, ते कुणी विचारलं नाही. बाकी पुष्कळ विचारलं. शेळ्या कुठं चारायच्या? पंखे रात्रंदिवस घोंघावणार का? पोरांना कामं किती? आग लागली तर? ओंकार नावाचा तरुण इंजिनिअर होता, सरळ बोलणारा, आणि त्याच्या सरळपणानंच घोळ झाला. आग लागण्याची शक्यता फार कमी, तो म्हणाला, पण लागलीच तर पेटलेला कंटेनर जळू द्यायचा असतो, शेजारचे थंड ठेवायचे; आणि लोकांनी धुराच्या वाटेतून बाजूला व्हायचं. 'जळू द्यायचा' हे ऐकल्यावर पुढचं कुणी ऐकलंच नाही. चाकणच्या चौकातून आगीचा बंब यायला किती वेळ लागतो हे रोज त्या चौकात अडकणाऱ्या माणसांना इंजिनिअरनं सांगायची गरज नव्हती. पण रस्त्याकडेला ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना वाटत होतं, रस्ता होईल, गाळे निघतील. आणि ज्यांची पोरं ठेकेदाराकडे रोजावर होती त्यांना वाटत होतं, निदान एक तरी चिकटेल. कुणीच अगदी चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच गाव आडवंतिडवं फुटलं.

गणराज पहिल्या दिवसापासून विरोधात. आयुष्यात कधी झाड न लावलेला हा माणूस महिन्याभरात पर्यावरणाचा मोठा कैवारी झाला होता. कॅन्टीनमध्ये ताटावर बसून तो मातीत उतरणाऱ्या विषाबद्दल बोलायचा, मोबाइलवर कुठल्याकुठल्या देशातल्या आगी दाखवायचा. स्वतः इलेक्ट्रिक स्कूटरवर फिरतोस की, असं कुणी चिडवलं की म्हणायचा, एक गाडी वेगळी आणि घराच्या दाराशी आख्खा माळ वेगळा. हे बोलताना आवाज चढायचा. इतका का चढतो, हे त्याचं त्यालाच कळायचं नाही. किंवा कळायचं, पण तेवढ्यात ताटातला भात संपवायचा असायचा. खरं म्हणजे सगळं सुरू झालं ते तनुजाच्या एका वाक्यानं. गावाहून आलेला त्या प्रकल्पाचा नकाशा त्यानं बायकोला फोनवर दाखवला होता. तिनं तो बोटांनी मोठा केला, देऊळ शोधलं, देवळामागचं घर शोधलं आणि म्हणाली, "हे आलं तर आई-आबांना तिथं ठेवता नाही येणार." बस, एवढंच. आणि कुकरची शिटी झाली म्हणून आत गेली. त्या दिवसापासून गणराजचा विरोध कडवा झाला.

आता गुरुवारी संध्याकाळी गॅलरीत उभा राहून तो तिला म्हणाला, "कौल मला लावायचाय." तनुजा कपडे वाळत घालत होती. "लाव की," ती म्हणाली. "नको म्हणाला देव तर बरंच होईल," तो म्हणाला. तिनं हातातला शर्ट झटकला. "आणि हो म्हणाला तर? आणायचं का त्यांना इकडं?" "आबांना देव सोडवत नाही, तुला माहीतये." "ते माहीतये रे. तू विचारलंस का त्यांना कधी?" त्यानं विचारलं नव्हतं. आबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा विचारायचं होतं. तेव्हा सृष्टीची परीक्षा होती. मग संक्रांतीला विचारायचं होतं. तेव्हा आईनंच सगळं असं काही आवरून ठेवलं होतं, आबांची गादी, सतरंजी, हाताशी बांधलेली घंटी, की विचारणं म्हणजे तिच्या व्यवस्थेला नावं ठेवण्यासारखं झालं असतं. दोन खोल्या आणि हॉल. आबांना कुठं ठेवायचं. त्यांना उचलून बाथरूमला कोण नेणार, तो शिफ्टला, तनुजा कामाला. हे सगळं खरंच होतं, एकही बहाणा नव्हता. पण बहाणा नसलेल्या गोष्टी एकापुढे एक रचून आपण नेमकं काय बांधतोय हे त्याला तिथं वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागं उभं असताना कळलं. बॅटऱ्यांची भीती खरी होती. पण गायरान मोकळं राहिलं की आई-आबा तिथंच राहतील आणि प्रश्न उरणारच नाही, ही आशा त्या भीतीहून मोठी होती. त्याला स्वतःची किळस आली. ती फार वेळ टिकली नाही, कारण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, की डावी कळी जरा कोरडी लावली तर?

शुक्रवार-शनिवार तो त्या एका कळीनं पछाडल्यासारखा होता. गेटवर ट्रक लावताना, फोर्कलिफ्टला वाट देताना उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासत राहायची. देवाला फसवायचं नव्हतं त्याला. देवाला तरी आपल्या पुजाऱ्याच्या दारात धूर हवा असेल का? देवाला जे म्हणायचंय तेच म्हणायला आपण मदत केली तर ते पाप कसं? असं तो स्वतःला समजावायचा आणि समजूत पटली की लगेच दुसरं मन विचारायचं, मग डोळे उघडे ठेवून लाव की. रस्त्याकडेच्या जमिनीवाले आठवायचे. त्यांतला एकजण शाळेत त्याच्या बाकावर होता. त्याची पोरं अजून पत्र्याच्या खोलीत अभ्यास करतात. त्याच्या तोंडचा घास आपण एका कळीनं काढणार. की नाही काढणार? आबांनी अशा वेळी काय केलं असतं, हे विचारायला आबा होते, पण बोलताना त्यांच्या तोंडून शब्दाऐवजी लाळ यायची आणि मग ते मान फिरवून भिंतीकडे बघत राहायचे. शनिवारी जेवताना तनुजानं विचारलं, "बोटाला काही लागलंय का?" तो नाही म्हणाला आणि हात ताटाखाली घेतला.

रविवारी सकाळी कुसुमताईंच्या खिडकीखालून गाडी काढताना त्यानं वर बघितलं नाही. गाडी त्यानं आदल्या दिवशी कंपनीच्या पार्किंगमध्येच चार्ज करून आणली होती. चाकणच्या चौकात रविवार असूनही कंटेनर एकाला एक लागलेले होते, आणि त्यांच्या मधून स्कूटर काढता काढता तो नकळत हिशेब मांडत होता, की आग लागली तर आई फोन करेल, आपण गेटपास घेऊ, गाडी काढू, इथं अडकू. मग त्यानं तो हिशेब सोडून दिला. सांडवलीत देवळापुढं मांडव घातला होता, खुर्च्या लावलेल्या, ओंकार इंजिनिअर आपल्या माणसांबरोबर एका बाजूला चहा घेत उभा. गणराज आधी घरात गेला. आबा खाटेवर टेकून बसलेले, अंगात धुवट सदरा, दाढी केलेली. त्यानं पाया पडून म्हटलं, "आबा, कौल लावतोय आज." आबांनी डावा हात उचलला. आशीर्वादासाठी उचलला असं त्याला वाटलं, पण हात डोक्यावर आला नाही. हवेतच नको नको म्हटल्यासारखा हलला. तोंडातून काहीतरी आलं, त्याचा अर्थ त्याला लागला नाही. "आई कुठंय?" त्यानं विचारलं. आबांनी देवळाकडं बघितलं. "येतो," म्हणून तो आंघोळीला वळला, कारण बाहेर माणसं खोळंबली होती.

गाभाऱ्यात शिरला तेव्हा दादासाहेब, सरपंच आणि दोन्ही बाजूंची माणसं दाराशी दाटीनं उभी होती. देव लखलखत होता. कळ्यांची वाटी, पाण्याचा तांब्या आईनं मांडून ठेवलेला. दादासाहेबांनी मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, की बा भैरवनाथा, गायरानावर बॅटऱ्यांचं काम यावं का, तुझं लेकरू विचारतंय, रोखठोक सांग. गणराजनं एक कळी तांब्यात बुडवली, चांगली बुडवली. दुसरी बुडवल्यासारखी केली. डोळे मिटले नाहीत. आपली बोटं त्यानं स्पष्ट पाहिली, ती थरथरत नव्हती, आणि याचीच त्याला भीती वाटली. उजवी कळी लावली, डावी लावली, हात जोडले. दोन्ही कळ्या एकदमच घसरल्या. घसरल्या म्हणजे टिकल्याच नाहीत; त्याचे हात जोडून होईपर्यंत पायाशी पडल्या होत्या. मागं कुजबुज झाली. "परत लाव," दादासाहेब म्हणाले. त्यानं परत लावल्या, या खेपेला दोन्ही सारख्या ओल्या, घाबरून. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. त्याची बोटं तेलकट झाली होती, लालभडक, आणि तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की देव इतका लखलखतोय तो कशानं. अंगाला शेंदूर-तेलाचा ताजा लेप होता. ओल्या लेपावर जगातली कुठलीच कळी धरत नाही. लेप पौर्णिमेला देतात, आणि कौलाच्या आधी तर कधीच देत नाहीत. गुरवाच्या घरात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दाराशी कुणालाच ते उमगलेलं नव्हतं. "देव बोलत न्हाई," दादासाहेब शेवटी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "तुमचं तुम्ही ठरवा म्हणतोय. चला सभेला." माणसं हळूहळू मांडवाकडे वळली. गणराज देवळाला वळसा घालून मागं गेला.

देवळाच्या मागच्या अंगाला, कण्हेरीच्या झाडाखाली त्याची आई, रुक्मिणीबाई, राखेनं हात घासत होत्या. नखांतला लाल काही निघत नव्हता. "आई, लेप आज का दिला?" त्यानं विचारलं. विचारताना त्याला वाटलं, आपण जाब विचारतोय. पण आवाज मात्र चोरासारखा निघाला.

"माणसं यायची व्हती. देव बरा दिसाया नको?"

"आई."

त्यांनी हातावर पाणी घेतलं, लुगड्याला पुसलं. "तुझ्या लग्नाचा कौल कुणी लावला व्हता?"

त्याला आठवेना. मग आठवलं. शेजारच्या वाडीचा म्हातारा गुरव आला होता, त्याला जेवायला पुरणपोळी केली होती. तेव्हा गणराजला ती पाहुणचाराची रीत वाटली होती.

"आपल्या घरच्या गोष्टीचा कौल आपण लावत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापानं जन्मात लावला न्हाई. ह्यो गायरानाचा कौल आपल्या घराचाच न्हवं का? त्यांनी शुक्रवारपासून जेवान सोडलंय. बोलता येत न्हाई, मंग काय करत्याल? मंग म्याच मनाशी म्हनलं, पोराला ह्यात पाडायचं न्हाई." रागावलेल्या नव्हत्या. डाळ शिजली की नाही हे सांगावं इतक्या सहज बोलत होत्या, आणि गणराजला वाटलं, आता खाली बसावं, हिच्या पायांजवळ, आणि सगळं सांगून टाकावं, दोन बोटांसकट. पण मांडवात माइक खरखरला आणि रुक्मिणीबाई पदर सारखा करून निघाल्या. "चल. बायकांची संख्या कमी पडती म्हनत व्हते," त्या म्हणाल्या.

सभेत त्याला बसता येईना. त्याचं नाव मोशीच्या मतदार यादीत गेलं होतं, फ्लॅट घेतला तेव्हाच. सांडवलीच्या सभेत हात वर करायचा त्याला हक्क नव्हता. तो मांडवाच्या कडेच्या खांबाला टेकून उभा राहिला, मोटरसायकली लावलेल्या बाजूला. कौल लावायला चाललो, हात वर करायला नाही चालत, असा एक कडवट विनोद त्याला सुचला, आणि तो ऐकवायला शेजारी कुणी नव्हतं. पुढं वादावादी चालली होती. कुणी पंचायतीला खोली बांधून मागत होता, कुणी पंख्यांच्या आवाजाचं लेखी मागत होता. सरपंच म्हणाले, "हात वर करायच्या आधी कुणाला काय विचारायचंय का?" तेव्हा बायकांच्या बाजूनं रुक्मिणीबाई उभ्या राहिल्या. उभ्या गावानं त्यांना सभेत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांना माइक दिला, तो त्यांनी धरला नाही.

"आमचं घर देवळामागं हाय," त्या ओंकारकडं बघून म्हणाल्या. "गोठ्याच्या पल्याड तुमची जागा. ह्यांना उठता येत न्हाई. धूर आला तर बाजूला व्हा म्हनला तुमी. आमी कसं व्हायचं?"

ओंकार पुढं आला. पाठ केलेलं उत्तर त्यानं दिलं नाही, हे गणराजनं पाहिलं, आणि त्याला त्या पोराबद्दल जरा आदर वाटला. "काकू, आमची गाडी येईल," तो म्हणाला. "पण गाडी यायला वेळ लागतो, खोटं सांगत नाही. तोवर त्यांना घरातल्याच कुणीतरी उचलून बाहेर काढायला हवं. म्हणजे, मुलगा, पुतण्या… घरात असं कोण असतं?"

दोन-चार माना खांबाकडे वळल्या. गणराज सरळ झाला. 'मी' असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्या एका अक्षराच्या मागं चाकणचा चौक उभा राहिला, गेटपास, सातवा मजला, दोन खोल्या आणि हॉल. रुक्मिणीबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत रागाचा लवलेश नव्हता. होती ती माया होती, उन्हातून आलेल्या पोराला सावलीत बस म्हणावं तशी, आणि तीच त्याला सोसेना.

"न्हाई," त्या ओंकारला म्हणाल्या. "कोण न्हाई. आमी दोघंच असतो."

ओंकारनं मान हलवली आणि मोबाइलवर ते टिपून घेतलं.